पोत्याचा भाव, अंड्याचा भाव

ऑगस्टमधल्या एका सकाळी खुराड्याचं फाळकं वर केलं, तर कोणी बाहेरच येईना. एरवी फाळक्याचा आवाज झाला की सगळ्या एकमेकींच्या अंगावरून उड्या मारत अंगणात येतात. त्या दिवशी चार-पाच जणी कशाबशा उंबऱ्यापर्यंत आल्या आणि पिसं फुगवून, मान आत ओढून उभ्या राहिल्या. तुरे फिके, पंख लोंबलेले. आत तुसावर दोन मरून पडल्या होत्या. पुढच्या अठरा दिवसांत आणखी सात गेल्या. चोवीसातल्या नऊ. त्यांना मीच मारलं, आणि तेही किलोमागे नऊ रुपये वाचावेत म्हणून.

आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीपासून चालत अर्ध्या तासावर. परसात कोंबड्या पूर्वीपासून होत्या, पण त्या सासूबाईंच्या. सहा-सात गावठी, सकाळी सोडायच्या, संध्याकाळी डालग्याखाली झाकायच्या. मूठभर कणी टाकली तर टाकली. कोंबडीमागे वर्षाला पन्नास-साठ अंडी, आणि त्यातही कोणी ना कोणी कायम खुडूक. मला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी ग्रामप्रिया नावाची जात तयार केली आहे. तिची महिनाभराची चोवीस पिलं मी ऑक्टोबरात आणली, सगळ्या माद्या. ही कोंबडी वर्षाला दीडशेच्या वर अंडी देते असं सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. पण दीडशे अंड्यांचं सामान आधी तिच्या पोटात घालावं लागतं, हे कोणी सांगितलं नाही. खरं तर मी विचारलं नाही.

सामान म्हणजे काय, ते आता सांगते. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात आणि कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. गावठी कोंबडी हे आठवड्यातून एकदा जमवते. किडा-मुंगी, गवताचं बी, शेणातले दाणे यांवर तिचं भागतं. एक दिवसाआड अंडं घालणारीचं तसं भागत नाही. सासूबाई म्हणत होत्या, "आमच्या कोंबड्यांना कोणी पोत्यातलं घातलंन?" त्यांचं त्यांच्या कोंबड्यांपुरतं बरोबरच होतं. चूक माझी. कोंबडी मी बदलली, पण वाढणं त्यांचंच ठेवलं.

पिलं दोन महिन्यांची झाल्यावर मी चिक फीड बंद केलं आणि कणीवर आणली. भातगिरणीवर कणी २२ रुपये किलो, दुकानातलं लेअर खाद्य ३६. वहीत मी हेच दोन आकडे शेजारी मांडले आणि खूश झाले. कणीत प्रथिनं शेकडा आठ. अंड्यावरच्या कोंबडीला हवीत सोळा ते अठरा. मग दुप्पट खाईल ना, असं मला वाटलं होतं. तशी ती खात नाही. कणीतल्या पिठाने तिची भूक भागते आणि ती बाजूला होते, उणीव तशीच राहते. चार महिन्यांच्या झाल्या तेव्हा एकमेकींच्या शेपटाची पिसं उपटून खायला लागल्या. मी याला भांडण समजले आणि दोघींना वेगळं कोंडलं. साडेपाच महिन्यांना यायचं अंडं सात महिन्यांनी आलं, आणि आलं तेही चोवीस जणींत रोजची चार.

आता हिशोब बघा. चोवीस कोंबड्या, दिवसाला एकशे दहा ग्रॅम धरून पावणेतीन किलोला थोडी कमी कणी, म्हणजे ५८ रुपये. अंडी चार. अंडं पडलं साडेचौदा रुपयांना. पुढे दोन महिन्यांनी याच कोंबड्या लेअर खाद्यावर रोज तेरा अंडी द्यायला लागल्या, तेव्हा दिवसाचा खर्च होता ९५ रुपये आणि अंडं पडलं सव्वासात रुपयांना. महाग पोत्याचं अंडं निम्म्या भावात. हे गणित चौथीतल्या पोरीने केलं असतं, पण मी वहीत पोत्यांचा भाव लिहीत होते आणि अंडी लिहीतच नव्हते. कोणी मला विचारलं की स्वस्त खाद्य कुठलं, तर मी आधी विचारते, अंडी रोज लिहून ठेवतेस का? नसशील, तर महिनाभर लिही, मग बोलू.

मधे एक प्रकरण सरकी पेंडेचं झालं. प्रथिनं कमी पडतात एवढं कुठूनतरी कळलं, आणि गोठ्यात म्हशीसाठी सरकी पेंड होतीच. ती फोडून कणीत मिसळली. वीसेक दिवसांनी शाळेतल्या बाई सहा अंडी परत घेऊन आल्या. "ताई, नासकी निघाली हो." त्यांनी ती फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवली होती. मी त्यांच्यासमोर एक बशीत फोडलं. वास अजिबात नाही, पांढरं घट्ट, पण बलक लोणच्यात मुरलेल्या आवळ्याच्या रंगाचा. शेवाळी, तपकिरी, मधे डाग. बाईंनी पदर नाकाला लावला, वास नसतानाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. ते बलकातल्या लोहाला धरतं आणि अंडं ठेवलं की रंग चढत जातो. म्हशीला ते पचतं, कोंबडीला नाही. तीच गोष्ट गुरांच्या सुग्रासाची. त्यात कधी युरिया असतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू त्याचं प्रथिन बनवतात, पण कोंबडीला तसं पोटच नाही. गोठ्यातलं पोतं गोठ्यातच राहू दे. बाईंना मी पैसे परत दिले, वर सहा ताजी अंडीही दिली. ती त्यांनी घेतली नाहीत.

त्यानंतर नाइलाजाने लेअर खाद्य आणलं. अंडी वाढली, मघाशी सांगितलं तशी. पण पन्नास किलोचं पोतं अठरा-एकोणीस दिवसांत रिकामं होई आणि दर वेळी अठराशे रुपये हातातून जाताना जीव तुटे. जुलैच्या मध्यावर बाजारात एका व्यापाऱ्याकडे मका दिसला. चांगला २३ रुपये, आणि कोपऱ्यातली तीन पोती १४ रुपये. त्याने लपवलं नाही. "थोडा भिजलाय, उन्हात टाका," म्हणाला. कोकणात जुलैमध्ये ऊन! पण मी ते ऐकून घेतलं, कारण ऐकायचं होतं. दाण्यांच्या टोकाशी हिरवट-काळी भुकटी होती आणि हात घातला की पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कपड्यांसारखा वास. मी ओटीवर पसरून पंख्याखाली वाळवला, मग चुलीवर मोठ्या कढईत भाजला. भाजताना लाह्यांसारखा खमंग वास सुटला आणि मला वाटलं, झालं, शुद्ध झाला. भरडून लेअर खाद्यात निम्म्याला निम्मा घालत गेले.

पहिला आठवडा काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात चौदाची नऊ अंडी झाली, मग पाच. विष्ठा पातळ. मी पावसाला दोष दिला. मग ती सकाळ.

मेलेली एक कोंबडी पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. मला मानमोडीची धास्ती होती. डॉक्टर म्हणाले, "मानमोडी अशी दमादमाने येत नाही हो, खुराडं झटक्यात रिकामं करते. काय खायला घालता?" त्यांनी कोंबडी उघडली आणि काळीज बोटाने वर करून दाखवलं. ते गडद तांबडं असायला हवं. हे हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखं पिवळट, सुजलेलं, कडांना रक्ताचे ठिपके. बोट लावलं तर चुरत होतं. मी मका सांगितला. भाजला होता, हेही सांगितलं, जरा अभिमानानेच. ते म्हणाले, भाजल्याने बुरशी मरते, तिने सोडलेलं विष मरत नाही. आपल्या कढईचा ताप त्याला पुरत नाही.

त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते माणसाला कळलं तेच मुळी पक्ष्यांच्या मरणातून. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखभर पिलं मेली, रोग सापडेना, आणि शेवटी दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडेत. मका आणि शेंगदाणा ही त्या बुरशीची आवडती घरं. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली ती फार कामाची. हे विष थोडं थोडं पोटात गेलं तर कोंबडी मरत नाही, पण तिची रोगाशी लढायची ताकद जाते आणि टोचलेली लसही नीट लागू पडत नाही. लस घेतली तरी मानमोडी आली, अशी तक्रार करणाऱ्या कित्येकांनी एकदा आपलं पोतं हुंगून बघावं.

उरलेली दीड-दोन पोती मी म्हशीला घालणार होते. तेही डॉक्टरांनी थांबवलं. म्हशीच्या पोटातून ते दुधात उतरतं. निवडून, धुऊन वापरायचंही नाही. बागेच्या टोकाला खड्डा काढून पुरली. त्या काळातली अंडीही टाकली. दुकानात अफ्लाटॉक्सिन बांधून ठेवणारी पावडर मिळते. चांगल्या खाद्यात पावसाळ्याची काळजी म्हणून ती घालावी, सडक्या मक्यावर उतारा म्हणून नाही.

तेव्हापासून मका घेताना मी तीन गोष्टी करते आणि दुकानदार मला हसतात. पोत्याच्या मध्यात कोपरापर्यंत हात घालते. आत ऊब लागली तर दाणा अजून ओला आहे, आत काहीतरी चाललंय. मूठभर हुंगते. एक दाणा दाढेखाली फोडते. कट्कन फुटला तर वाळलेला, चेपला गेला तर नाही. मेपासून सप्टेंबरपर्यंत तीन आठवड्यांच्या वर माल भरत नाही, कितीही स्वस्त मिळो. पोतं भिंतीला न टेकवता, जमिनीपासून वीतभर वर फळीवर. पोत्यावर खडूने तारीख. कडुलिंबाचा पाला घातला तर किडे कमी होतात, बुरशीला त्याचं काही वाटत नाही.

भाताच्या कोंड्याचंही सांगायला हवं, कारण आमच्याकडे तोच सर्वांत स्वस्त. गिरणीवरून कोंडा म्हणून जे येतं त्यात पुष्कळदा निम्मं तूसच दळलेलं असतं. मूठभर पाण्यात टाकून बघा, तूस वर तरंगतं. ते पैसे वाया. चांगला कोंडा असला तरी त्यात तेल भरपूर, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत खवट होतो. ताजा आणावा आणि नऊ-दहा किलोत किलोभरापेक्षा जास्त घालू नये.

घरी खाद्य मिसळावं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. माझं मिश्रण असं: मक्याचा भरडा साडेचार किलो, कणी एक, कोंडा एक, सोयापेंड दोन, आणि अर्धा किलो कुटी, म्हणजे सुक्या मासळीचा भुगा. यातून प्रथिनं सतराच्या पुढे जातात. क्षार-जीवनसत्त्वांची पावडर पाकिटावर लिहिली असेल तेवढी. कुटी खारवलेल्या मासळीची नको, मीठ कोंबडीला लवकर बाधतं. सोयापेंड म्हणजे कारखान्यातून आलेली. घरचं कच्चं सोयाबीन दळून घातलं तर त्यातलं एक द्रव्य प्रथिनं पचूच देत नाही. भाजून किंवा शिजवूनच घालावं लागतं. हे सगळं मला किलोला तीस-एकतीस रुपयांत पडतं. लेअर खाद्यापेक्षा पाच रुपये कमी. आज माझ्याकडे वीस कोंबड्या आहेत. दिवसभर मोकळ्या सुटतात, म्हणून त्यांना साठ ग्रॅम पुरतं. रोजचं सव्वा किलो. म्हणजे मिसळण्यातून महिन्याला वाचले दोनशेच्या आत. त्यासाठी चार दुकानं फिरायची, भरडायचं, चाळायचं. मी करते, कारण मला त्याची सवय लागली आहे. पण दहा कोंबड्या असणारीला मी सांगेन, या फंदात पडू नकोस. दुकानातलं पोतं आण, आणि निम्मं पोट त्यांना बाहेर भरू दे.

बाहेर म्हणजे खरोखर बाहेर, उष्ट्या-खरकट्यावर नाही. आमटी-भाजीतलं मीठ-तिखट त्यांच्या कामाचं नाही. दुपारचा उरलेला भात चालेल, आंबलेला नको. शेवग्याचा पाला मी रोज एक डहाळी बांधून टांगते, तासाभरात काड्या उरतात. अझोला मात्र फार डोक्यावर घेतलाय लोकांनी. वाळवला तर त्यात वीस-पंचवीस टक्के प्रथिनं, हे खरं. पण ताज्या किलोभर अझोल्यात साठ-सत्तर ग्रॅमच सुकं द्रव्य, बाकी सगळं पाणी. किलोभर अझोल्यातून बारा-पंधरा ग्रॅम प्रथिनं, ती वीस कोंबड्यांत वाटा. बलक पिवळा होतो, कोंबड्या आवडीने खातात, म्हणून मी एक खड्डा ठेवला आहे. पण त्याच्या जिवावर पोतं बंद केलं, असं कोणी सांगितलं तर त्याची अंडी मोजून बघा. याहून सासूबाईंची वाळवी भारी. फुटकं मडकं, त्यात ओलं शेण आणि पेंढा, वारुळाजवळ उपडं घालायचं. सकाळी उचललं की पिलांसमोर झटकायचं. मी हसले होते या प्रकाराला. आता मडकी मीच ठेवते.

कवचासाठी दुकानातली शिंपल्याची चुरी आहेच, पण खाडी जवळ असताना विकत काय घ्यायची? तिसऱ्या-कालवांची कवचं धुऊन, वाळवून, खलबत्त्यात जाडसर कुटते आणि वेगळ्या वाटीत ठेवते. अंडी घालणारी आपल्या गरजेप्रमाणे टिपते, इतर फिरकत नाहीत. खाद्यात मिसळायची नाहीत, याला कारण आहे. खुराड्यात लहान पिलं असतील तर एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. एक पोतं सगळ्यांना चालेल म्हणून लेअर खाद्य पिलांना घालणं हा स्वस्ताईचा आणखी एक महाग प्रकार. अंडं येईपर्यंत पिलांचं पिलांना आणि मग वाढीचं, हा क्रम मोडू नये. पिलं खातात तरी किती! तिथे कंजुषी करून मी माझ्या तलंगांचे दीड महिने घालवले.

आणि आता जिथे खरे पैसे वाचले ते. एक, भांडं. पूर्वी मी पसरट घमेल्यात खाद्य ओतत होते. कोंबड्या त्यात उभ्या राहून पायाने उकरायच्या, निम्मं तुसात. आता भांडं त्यांच्या पाठीच्या उंचीला टांगलेलं आणि एक तृतीयांशच भरलेलं. रात्री उचलून पत्र्याच्या डब्यात, कारण रात्री ते उंदीर खातात. नुसत्या एवढ्याने पोतं चार दिवस जास्त जायला लागलं. दुसरं, कोंबडे. पुढच्या खेपेला मी नर-मादी न निवडता पिलं घेतली, स्वस्त म्हणून, आणि बारा कोंबडे सहा महिने पोसले. नुसती खायची अंडी हवी असतील तर कोंबडा लागतच नाही; उबवायची असतील तर दहा जणींमागे एक.

तिसरी गोष्ट म्हणजे फुकट खाणारी कोंबडी ओळखणं. हे पुस्तकात वाचून मला कधी जमलं नसतं. सासूबाई संध्याकाळी कोंबडी काखेत धरतात, तोंड मागे, आणि शेपटाखाली दोन हाडांच्या मधे बोटं ठेवतात. दोन-तीन बोटं मावली तर घालते आहे. एकच बोट शिरलं, जागा कोरडी आणि आकसलेली, तुरा फिका, तर बसून खाते आहे. पिसं झडायच्या दिवसांत सगळ्याच थांबतात, तेव्हा हा न्याय लावायचा नाही, थांबायचं. बाकी वेळी लावायचा. अशा चार गेल्या वर्षी निघाल्या. त्या गेल्यावर अंडी तेवढीच राहिली आणि खाद्य पाचवा हिस्सा कमी झालं. सध्या वीस जणींचं दिवसाचं खाद्य ४० रुपयांच्या आत, अंडी नऊ. एक अंडं चार-साडेचार रुपयांना पडतं आणि गावात बारा रुपयांना जातं.

परवा बाजारात तोच व्यापारी, तसाच कोपरा. मला ओळखून म्हणाला, "ताई, मका आहे, पंधराने लावतो." मी बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती, निजलेल्या कुत्र्याच्या पोटाखाली असते तशी. काही न बोलता हात बाहेर काढला आणि मासळीबाजाराकडे गेले. घरी पोचले तेव्हा सासूबाई ओटीवर होत्या. "काय गो, मका नाही आणलास?" मी हात त्यांच्या नाकाशी धरला. त्यांनी तोंड वाकडं करून तो बाजूला सारला.

"आधी धू जा साबणाने. आणि मग कोंबड्यांना हात लाव."